एन.टी. स्कॅनच्या आधी

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात एन.टी. स्कॅनला निघालेल्या बाईला दवाखान्यातली सिस्टर, गावातली आशाताई आणि घरातली मोठी जाऊ या तिघी मिळून एकच सूचना देतात: भरपूर पाणी पिऊन जा आणि लघवी रोखून धर. छत्रपती संभाजीनगरात सोनोग्राफीच्या रांगेत समर्थनगर-सिडकोतल्या बायका असतात, वाळूजच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरच्या असतात, सिल्लोड, वैजापूर, कन्नडकडून एस.टी.ने आलेल्या असतात, आणि जालना-बीडहून 'तिकडं मोठ्या मशीनवर करून घ्या' म्हणून पाठवलेल्याही असतात. त्यांची नोंदणी करणं, तारखा जुळवणं, एफ फॉर्म भरून घेणं आणि आत काय होणार हे दोन शब्दांत सांगणं हे माझं काम. या कामातून एक मत पक्कं होत गेलं आहे. पाण्याची सूचना हा या तयारीतला सगळ्यांत किरकोळ भाग आहे. खरी तयारी पाळीच्या तारखेपासून सुरू होते आणि 'आकडा काळजीचा आला तर आपण काय करणार' या प्रश्नापर्यंत जाते. ही तयारी बाई आमच्या दारात येण्याआधीच व्हायला हवी, कारण दारात पोचल्यावर तिच्यासाठी ना वेळ उरलेला असतो, ना मन:स्थिती.

ही तपासणी इतकी काटेकोर का, हे कळलं तर पुढचं सगळं कळतं. लंडनच्या जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली ज्या मुलांचं वर्णन केलं, त्यांची त्वचा अंगाच्या मानाने सैल, जास्तीची वाटते असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं होतं. सव्वाशे वर्षांनी, १९९२ मध्ये, किप्रॉस निकोलायडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्येच दाखवून दिलं की ही जास्तीची त्वचा तिसऱ्या महिन्यातच सोनोग्राफीत दिसू शकते. गर्भाच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव साठलेला असतो. त्याची जाडी म्हणजे न्यूकल ट्रान्सलुसन्सी, आपल्या बोलण्यातली 'एन.टी.'. ती प्रमाणाबाहेर वाढलेली असेल तर डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची आणि हृदयाच्या काही दोषांची शक्यता वाढते. मोजमाप मिलिमीटरच्या दशांशात असतं. साडेतीन मिलिमीटरच्या वरची जाडी कुठल्याही लांबीच्या गर्भात काळजीची धरतात. हे मोजमाप घ्यायचं तर गर्भ डोक्यापासून ढुंगणापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान हवा, म्हणजे ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत. तो नेमका बाजूने दिसायला हवा, मान वाकलेली नको, ताणलेलीही नको, आणि मानेमागची त्वचा गर्भाभोवतीच्या पडद्यापासून वेगळी ओळखू यायला हवी. बाळ पालथं किंवा पाठ करून झोपलेलं असेल तर तज्ज्ञालाही थांबावं लागतं. बाईला खोकायला, कुशीवर वळायला, बाहेर जाऊन चार पावलं चालून यायला सांगतात. चौदावा आठवडा उलटला की तो द्रव ओसरू लागतो आणि हा आकडा पुन्हा कधीच घेता येत नाही. गरोदरपणातल्या बहुतेक तपासण्या आठवडाभर पुढेमागे झाल्या तरी चालतं. हिचं तसं नाही.

पाण्याचा विषय आधी उरकून टाकतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडावर नुकतंच येऊ लागलेलं असतं. मूत्राशय अर्धवट भरलेलं असलं तर पोटावरून बघायला थोडी मदत होते. तट्ट भरलेलं असलं तर ते गर्भाशयाला मागे रेटतं, बाईला प्रोब टेकवलेलाही सोसत नाही आणि शेवटी तिला उठून लघवीला जाऊन यायला सांगावं लागतं. पोटावरून नीट दिसलं नाही तर आतून बघावं लागतं, आणि त्यासाठी तर मूत्राशय रिकामंच हवं. सोयगाव किंवा वैजापूरहून निघणाऱ्या बाईला घरूनच लिटरभर पाणी पिऊन एस.टी.त बसायला सांगणं हा निव्वळ जाच आहे. वाटेत थांबा मिळत नाही, मिळाला तर तिथली मुतारी वापरण्यासारखी नसते. केंद्रावर पोचल्यावर दोन पेले पाणी प्यायलं तरी पुरतं. पण सूचना पिढ्यान्‌पिढ्या एका तपासणीवरून दुसरीवर ढकलल्या जातात. पित्ताशयाच्या सोनोग्राफीला उपाशी जावं लागतं, म्हणून गर्भार बाईही उपाशी येते. आधीच उलट्यांनी हैराण, त्यात सकाळपासून पोटात काही नाही. चतुर्थीचा किंवा नवरात्राचा उपास असतो, रमजानमध्ये रोजा असतो. या तपासणीसाठी उपाशी राहण्याचं काहीही कारण नाही, चहा-पोळी खाऊन यावं. मात्र आतून तपासणीची वेळ येऊ शकते हे घरून निघण्याआधीच तिच्या कानावर असावं. ऐन वेळी, सासऱ्यांसोबत आलेल्या नवख्या मुलीला हे पहिल्यांदा कळलं तर ती आकसून जाते. तेव्हा तिने दिलेला होकार खरा कुठला आणि दबलेला कुठला, हे बाहेरच्याला सांगता येत नाही.

तारखेची गोष्ट याहून कितीतरी वजनदार आहे. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. आपल्या घरांत मोजतात महिने, आणि तेही दोन पद्धतींनी. 'तिसरा लागला' म्हणजे कुणाच्या हिशोबात दोन महिने पूर्ण, तर कुणाच्या हिशोबात आता तीन भरत आले. या दोन हिशोबांत चार आठवड्यांचा फरक पडू शकतो, आणि तपासणीची सबंध खिडकीच जेमतेम तीन आठवड्यांची आहे. पाळीची तारीख विचारली की संक्रांतीनंतर, पोळ्याच्या अलीकडे, उरुसाच्या वेळेला अशी उत्तरं येतात. ती निरुपयोगी नसतात. कॅलेंडर पुढे ठेवलं तर सणावरून दोन-तीन दिवसांच्या फरकाने तारीख काढता येते. पाळी अनियमित असेल, बाळ अंगावर पीत असतानाच दिवस गेले असतील, तर मात्र तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. अशा बाईने आधीच, सातव्या-आठव्या आठवड्यात, एक साधी सोनोग्राफी करून गर्भाची लांबी मोजून घ्यावी. या दिवसांत लांबीवरून काढलेलं वय फार तर आठवडाभराने चुकतं. सातव्या महिन्यात हीच चूक दोन-तीन आठवड्यांची होते. एन.टी.साठी वेळ घेताना बारावा आठवडा धरावा. बाळाने त्या दिवशी पाठ फिरवली तर पुन्हा बोलवायला आठ दिवस हाताशी राहतात. तेराव्याच्या शेवटी आलेल्या बाईला दुसरी संधी नसते.

याच्या आड येते ती एक जुनी, आणि माझ्या मते समजण्यासारखी, रीत. तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांतच गर्भपात जास्त होतात, म्हणून ती पडली असणार. आधी सांगून मग सगळ्यांना 'नाही राहिलं' म्हणत फिरण्याचं दु:ख टाळायला. पण शेजारणीला न सांगणं आणि दवाखान्यात नाव न नोंदवणं यात फरक आहे, आणि कित्येक घरांत तो केला जात नाही. तीन महिने भरले, ओटीत नारळ पडला, मग नाव घालायला निघायचं. तोवर तपासणीची मुदत संपलेली. दुसरा अडथळा रोजीरोटीचा आहे. बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्या काही तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दसऱ्याच्या सुमारास दिवस गेलेल्या बाईचे अकरा ते तेरा आठवडे पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या फडात जातात. तिला 'बाराव्या आठवड्यात या' सांगण्यात काही अर्थ नाही. निघण्यापूर्वी पाळी चुकली असेल तर तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर अकरावा आठवडा कुठल्या तारखेला सुरू होतो आणि चौदावा कधी लागतो, हे लिहून द्यावं. म्हणजे कारखान्याजवळच्या ज्या दवाखान्यात ती जाईल तिथे कुणालातरी ते दिसेल. हे काम आशाताई करू शकते, तेवढं तिला कुणी सांगितलेलं असलं तर.

आता कागदांकडे वळतो. टेबलावरचा सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट तीच, आणि तिच्यामागे या भागाचा इतिहास आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सगळ्यांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो लागू झाला १९९६ पासून आणि २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली उरल्या होत्या, आपल्या जिल्ह्यात ८५८ आणि शेजारच्या बीडमध्ये ८०७. बीडचा आकडा दहा वर्षांपूर्वी ८९४ होता. परळीचं २०१२ चं बेकायदा गर्भपाताचं प्रकरण या मुलखात अजून कुणी विसरलेलं नाही. म्हणून प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावाच लागतो: नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पूर्ण पत्ता, आधीची अपत्यं किती, त्यांत मुलं किती आणि मुली किती, कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, शेवटच्या पाळीची तारीख. मग मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं बाईचं सहीनिशी लेखी म्हणणं, आणि मी ते सांगितलेलं नाही असं डॉक्टरचं. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठा ओळखणाऱ्याचं नाव-गाव-नातं. तेव्हा ओळखपत्र, डॉक्टरची चिठ्ठी, आधीचे सगळे रिपोर्ट आणि अंगठा असेल तर ओळखणारं माणूस सोबत हवं. नाहीतर बाई पन्नास-साठ किलोमीटर येऊन तशीच परत जाते. फॉर्ममधली त्रुटी ही नुसती कारकुनी चूक धरावी, अशी डॉक्टरांच्या संघटनेची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये फेटाळली. त्यामुळे कागद अर्धवट असेल तर केंद्र तपासणी करणार नाही, आणि त्यात त्याचा दोष काढता येणार नाही.

मात्र या कडकपणाची एक किंमत आहे आणि ती बोलून दाखवायला हवी. कायद्याने केंद्राला ज्याचा हिशोब द्यावा लागतो ते म्हणजे कागद. बाईशी झालेल्या बोलण्याचा हिशोब कुणी मागत नाही. परिणामी तिच्या वाट्याला आलेली आठ-दहा मिनिटं आधार कार्डाची झेरॉक्स, पिन कोड आणि स्पेलिंग यांत जातात. दोन मुली असलेल्या बाईला 'मुलं किती, मुली किती' हा प्रश्न विचारला की तिचा आवाज उतरतो. आपल्याकडे संशयाने बघितलं जातंय असं तिला वाटतं, आणि ते पूर्ण खोटंही नसतं. हा प्रश्न का आहे ते आधी कुणी समजावलेलं असेल तर तिला तो टोचत नाही. कागद घरूनच पुरे करून आणले तर टेबलावरची मिनिटं बोलायला मोकळी होतात. कागदांच्या तयारीवर मी एवढा भर देतो तो यासाठी.

कारण बोलायचं असतं ते आकड्याबद्दल. एन.टी.सोबत बहुतेक ठिकाणी रक्ताची डबल मार्कर तपासणी असते. रक्तातल्या दोन घटकांचं प्रमाण, आईचं वय आणि एन.टी. यांचा एकत्र हिशोब संगणक मांडतो. त्या हिशोबात आईचं त्या दिवसाचं वजन लागतं, मधुमेह आहे का, गर्भधारणा टेस्ट ट्यूबची आहे का, जुळं आहे का, आधीच्या बाळाला असा काही दोष होता का, हेही लागतं. धूम्रपानाचा रकाना असतो. आमच्याकडच्या बायका विडी-सिगारेट क्वचितच ओढतात. मिश्री आणि तंबाखू मात्र लावतात, आणि त्याला त्या रकान्यात जागा नाही. विचारायचं मात्र असतं, निदान डॉक्टरला कळावं म्हणून. वजन अंदाजे सांगितलं, टेस्ट ट्यूबची गोष्ट सासूबाईंसमोर लपवली, तर संगणक चुकीच्या माहितीवर बरोबर गणित करतो. ही माहिती एकटीला विचारली जावी अशी सोय केंद्राने करायला हवी. पण आपल्याला काय विचारलं जाणार हे बाईला आधी माहीत असेल तर ती स्वत:हूनही एका बाजूला येऊन सांगू शकते. आणखी एक गोष्ट या भागात मुद्दाम सांगावी लागते. आते-मामे भावंडांतली आणि मामा-भाचीची लग्नं मराठवाड्यात अजून होतात. अशा नात्यांत जे आनुवंशिक आजार वाढतात, त्यांतले बहुतेक एन.टी. किंवा डबल मार्करमध्ये सापडत नाहीत. त्यासाठी घराण्याचा इतिहास सांगावा लागतो: कुणाचं मूल लहानपणीच गेलं, कुणाला वारंवार रक्त चढवावं लागतं. रिपोर्ट 'लो रिस्क' आला म्हणजे हे सगळं तपासून झालं, असा गैरसमज घेऊन माणसं घरी जातात.

शेवटी जो आकडा येतो तो असा असतो: १:२००, १:१५००, १:१२०००. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० च्या आसपास एक रेघ ओढतात. तिच्या अलीकडे आलं की 'हाय रिस्क'. ही तपासणी नीट झाली तर डाउन सिंड्रोमच्या दर दहा गर्भांपैकी साधारण नऊ या रेघेच्या आत पकडले जातात, एक सुटतो. त्याचबरोबर निरोगी बाळ असलेल्या दर वीस बायकांपैकी एक विनाकारण रेघेच्या आत येते. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा. दिवसाकाठी वीस जणी तपासल्या तर त्यांतल्या एकीला, बहुधा संपूर्ण निरोगी बाळ असलेल्या एकीला, सरासरीने काळजीची बातमी मिळणारच. १:२०० म्हणजे अशा दोनशे गर्भारपणांत एका बाळाला दोष, एकशे नव्व्याण्णवांना नाही. हे ज्यांना आधी कळलेलं नसतं ते 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकतात आणि घरचं मोठं माणूस म्हणतं, 'मग मोकळं करून टाका.' ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी एकतर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा घ्यावा लागतो किंवा १६ व्या आठवड्यानंतर गर्भजल. दोन्हींत अल्प का होईना गर्भपाताचा धोका असतो, म्हणून ते सगळ्यांचं करत नाहीत. आईच्या रक्तातून गर्भाच्या डी.एन.ए.चा अंदाज घेणारी नवी तपासणी दहाव्या आठवड्यापासून होते आणि डाउन सिंड्रोमसाठी ती फार नेमकी आहे, पण तीही चाळणीच, आणि महाग. चाळणीच्या भरवशावर निरोगी गर्भ पाडला जाणं, ही अपुऱ्या तयारीची सर्वांत वाईट निष्पत्ती आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुतेक वेळा सुशिक्षित माणसाकडून येतो: खेड्यातल्या अडाणी बाईला शक्यता-बिक्यता काय कळणार? मला हा आक्षेप उद्धट वाटतो. मृगाचा पाऊस पडला म्हणून पेरायचं की थांबायचं, दुबार पेरणी करावी लागली तर बियाणं कुठून आणायचं, हा हिशोब ज्या घरांत दरवर्षी होतो त्यांना शक्यता समजवायला गणिताची पदवी लागत नाही. त्यांना अडचण येते ती इंग्रजी अक्षरांत छापलेल्या गुणोत्तराची आणि लाल शाईतल्या 'हाय रिस्क'ची. 'तुमच्यासारख्या दोनशे जणींपैकी एकीच्या बाळाला' असं सांगितलं की पुढचा प्रश्न त्याच विचारतात, आणि तो नेमका असतो: 'मग ती मीच का, हे कसं कळणार?' निदानाच्या तपासणीकडे नेणारा प्रश्न हाच.

दुसरा आक्षेप प्रेमापोटी येतो. पोटुश्या बाईला असलं काही सांगून घाबरवू नये. भीतीबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण ती आधी सांगितल्याने येते की अचानक कळल्याने, एवढाच प्रश्न आहे. वीसांत एकीला चुकीचा इशारा मिळणार हे जिने तपासणीआधी ऐकलेलं असतं, ती त्या इशाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघते. शिवाय सांगण्याचा एक भाग असाही असतो की तपासणी नाकारता येते. 'बाळ कसंही असलं तरी वाढवणार' असं जोडप्याने मनापासून ठरवलेलं असेल तर डबल मार्कर न करण्याचा हक्क त्यांना आहे, आणि कुणी त्यांना मागास समजू नये. मात्र सोनोग्राफी त्यांनीही करावी असं माझं मत आहे. या एका तपासणीत जुळं आहे का हे कळतंच, शिवाय दोघांची वार एक आहे की वेगवेगळी हेही सर्वांत स्पष्ट याच आठवड्यांत दिसतं, आणि जुळ्यांची पुढची सगळी देखभाल त्यावर ठरते. कवटीच तयार न झालेला गर्भ, जो जन्मून जगू शकत नाही, तोही इथे ओळखता येतो. आणि बाळंतपणातल्या झटक्यांचं, वाढलेल्या रक्तदाबाचं संकट कुणावर येऊ शकतं याचा अंदाजही याच वेळी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा प्रवाह आणि आईचा रक्तदाब मोजून, घेता येतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे नावाच्या अभ्यासात अशा जोखमीच्या बायकांना सोळाव्या आठवड्याच्या आत रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यावर लवकर बाळंतपण करावं लागणाऱ्या रक्तदाबविकाराचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. शहरातल्या घाटी रुग्णालयात दूरवरून झटके येत असलेल्या अवस्थेत गर्भवती आणली जाते, तेव्हा सोळावा आठवडा केव्हाच मागे पडलेला असतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. ज्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८५८ मुली उरल्या, तिथे तिसऱ्या महिन्यात सगळ्यांनी मशीनखाली जावं असा प्रचार करणं धोक्याचं नाही का? या आक्षेपाला कायदा आहे ना, एवढं म्हणून भागणार नाही. कायदा १९८८ पासून आहे. पण गुन्हा कुठे घडतो तेही बघावं. मे २०२४ मध्ये शहराच्या गारखेडा परिसरात ज्या बेकायदा गर्भलिंगनिदानावर छापा पडला, ते एका राहत्या फ्लॅटमध्ये चाललं होतं. तिथे एफ फॉर्म नव्हता, चिठ्ठी नव्हती, बाराव्या आठवड्याची नोंद नव्हती. जिचं नाव लवकर नोंदवलं गेलं, जिच्या गर्भाची तारीख कागदावर आली, तिचं गर्भारपण निमूटपणे नाहीसं करणं अवघड होतं. लपून राहतं ते न नोंदवलेलं. त्यामुळे लवकरची, नोंदलेली, कारण लिहिलेली तपासणी त्या धंद्याच्या सोयीची नाही. त्यातही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, 'सगळं व्यवस्थित आहे ना' या प्रश्नामागे भलताच प्रश्न दडलेला असतो, हे मान्य. त्याचं उत्तर केंद्रातल्या गर्भलिंगनिदानबंदीच्या फलकावर मराठीत लिहिलेलं असतंच.

राहिला तो सरकारी दवाखान्यांतल्या वेळेचा मुद्दा. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या शिबिराला गर्दी असते. योजनेचा भर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या एका सोनोग्राफीवर आहे, आणि डॉक्टरांना एकेकीशी वीस मिनिटं बोलणं शक्य नाही. हे सगळं खरं असलं तरी त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यातली तपासणी अवयवांसाठी अनिवार्य आहेच. पण पहिली शंका तिथेच आली, तर गर्भजल, त्याचा दोन-तीन आठवड्यांनी येणारा रिपोर्ट, दुसरं मत, घरातली चर्चा हे सगळं होईस्तोवर बावीस-तेवीस आठवडे होतात. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता प्रकरणात चोविसाव्या आठवड्याला हृदयदोष कळला आणि उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. तेव्हा मर्यादा वीस आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक परिस्थितीत ती चोवीसपर्यंत नेली आणि गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाकडे जाण्याची वाट ठेवली. कायद्याने वेळ वाढवून दिला, पण मंडळापुढे जाणाऱ्या बाईचा देह आणि मन त्या आठवड्यांत काय सोसतं ते कायद्याला कमी करता येत नाही. बाराव्या आठवड्याची शंका सोळाव्यापर्यंत मिटते. आणि बोलायला वीस मिनिटं डॉक्टरचीच हवीत असं कुठे आहे? नाव घालताना हातात द्यायचा एक कागद, मराठीत आणि उर्दूत, मोठ्या अक्षरांत. त्यावर अकराव्या आणि चौदाव्या आठवड्याची तारीख हाताने लिहिलेली, काय खायचं, काय आणायचं, काय विचारलं जाईल आणि वीसांत एकीला काय सांगितलं जाईल ते छापलेलं. बाई तो घरी वाचेल किंवा कुणाकडून वाचून घेईल, नवऱ्याशी बोलेल. पाठीमागच्या कोऱ्या बाजूला अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीची तारीखही आताच लिहून टाकावी, कारण एन.टी. चांगली आली की पुढच्या सोनोग्राफीची गरज नाही असं समजून न येणाऱ्या बायका कमी नाहीत.